सोमवारी या

एवारिश्तबाब,
तुझ्या टेबलावर आता प्रिंटर आहे.
कुणी मुद्दाम नाही केलं, प्लग तिथेच होता.
खुर्ची आवक-जावकच्या नव्या मुलीकडे गेली,
तिचे पाय टेकत नाहीत जमिनीला.
भिंग मात्र मी उचलून आणलं.
सही न करता.

सव्वीस वर्षं म्हापशाच्या त्या कचेरीत
तू माझ्या डावीकडे.
पोर्तुगीज कागद डोळ्यांपाशी धरून
तू मराठीत सांगायचास, मी टाइप करायची.
विहिरीला तू 'तो' म्हणायचास.
'तो विहीर, पूर्वेला.'
मी हसले तर म्हणालास,
'बाय, कागदात ती पुरुष असते, मी काय करू?'
मी न बोलता दुरुस्त करत गेले.
आता वाटतं, एखादी तरी विहीर
तशीच राहू द्यायला हवी होती
कुठल्यातरी शिक्क्याखाली.

सोमवारी मी मासळी खात नाही, एवढंच.
तू डबा उघडायचास खिडकीकडे तोंड करून,
झाकण आडवं धरून,
जणू आत बांगडा नसून कुणाचं मृत्युपत्र आहे.

त्या बुधवारी साहेबांनी हजेरीपटावर
तुझ्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलं.
अकरा वाजता फोन आला.
मग त्यांनीच त्यावर पांढरी शाई फिरवली,
फुंकर मारून वाळवली.
पान उजेडाकडे धरलं तर अजून वाचता येतं.
मी धरलं होतं.

मयड्याच्या इगर्जीत मागच्या बाकावर बसले.
सगळे उठले की उठायची,
बसले की बसायची, थोडी उशिरा.
पाद्री कोंकणीत बोलत होता, ती कळते मला.
मध्येच लॅटिनची एक ओळ आली
आणि मी सवयीने डावीकडे कान केला.
तिथे एक म्हातारी जपमाळ ओढत होती.

निघताना आंजेलिनबायने केळी दिली,
मयड्याची, हातभर लांब.
'तुमच्यासाठी घड बाजूला ठेवला होता त्याने,
पिकायला चार दिवस आहेत म्हणाला.'
चार दिवस बरोबर मोजले होतेस.
कचेरीत नाही नेली.
तुपावर तळून दोन दिवस एकटीने खाल्ली,
साखर घालायची राहून गेली.

काल नादोड्याहून एक आजोबा आले.
प्लास्टिकच्या पिशवीत पिशवी, तिच्यात कागद,
एकोणीसशे अकराचा, चार घड्या पडलेला.
इतर कुणाला वाचता येत नाही आता.
मलाही येत नाही, पण भिंग माझ्याकडे.
उत्तरेला वाट. निघालं.
दक्षिणेला गडगा, तेही निघालं.
पूर्वेला विहीर. तो.
पश्चिमेच्या शब्दाचं डोकं वाळवीने खाल्लेलं.
तू म्हणायचास, कारकून घाईत असला
की शब्दाचं शेपूट बघ.
बघितलं. 'एयरु.'
ओढा असेल.
टेकडी असेल.
वारसही असेल, एवढं तुझ्याकडूनच शिकले.
आजोबांची अर्धी जमीन त्या शब्दापलीकडे,
आणि ते माझ्या तोंडाकडे बघत उभे.

अडलं की तू तो शब्द बटर पेपरवर गिरवायचास,
शर्टाच्या खिशात घालून घरी न्यायचास
आणि माणसाला सांगायचास, सोमवारी या.
शनिवार-रविवार तो शब्द तुझ्या घरी राहायचा,
तुमच्यात जेवायचा.
सोमवारी तू आल्या आल्या, बॅग न ठेवताच,
मला अर्थ सांगायचास.

मीही गिरवला.
माझा हात थोडा हलला.

'ते बाब नाहीत आज?' आजोबांनी विचारलं.
प्रिंटर काहीतरी छापत होता.
मी म्हणाले, 'सोमवारी या.'

त्यांनी कागद पिशवीत, पिशवी पिशवीत घातली.
दारापाशी थांबले.
'सकाळी येऊ की दुपारी?'